डावा रकाना

माझी आत्या पुस्तकं लिहायची आणि तिचं नाव एकाही पुस्तकावर नसायचं. मुखपृष्ठावर छापलेलं असायचं, ‘लेखक : तज्ज्ञ अध्यापक मंडळ’. या मंडळात अध्यक्ष, सचिव, सभासद आणि सभासदांसाठी चहा टाकणारी अशी सगळी मिळून एकच बाई होती. ती आमच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून गणिताची आणि विज्ञानाची सोडवलेली उदाहरणं लिहायची. परीक्षेच्या आधी मुलं जी पातळ पुस्तकं विकत आणतात, ज्यांना शाळेतले मास्तर वर्गात नावं ठेवतात आणि घरी जाऊन गुपचूप चाळतात, ती ही पुस्तकं. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. जेवायची वेळ झाली की ते दारातून हाक मारायचे, “मंडळ येतंय का? की सभा चालू आहे अजून?”

“गणसंख्या पुरी नाही. थांबा!” आत्या आतून ओरडायची.

आम्ही हसायचो. आत्याही हसायची. पुढे ज्या गोष्टीवर हसायला जीव धजेना, तिच्यावर आम्ही इतकी वर्षं पोटभर हसून घेतलं, याचा मला आजही राग येतो.

आत्याचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्याबद्दल कुणी खोदून विचारलंच तर ती म्हणायची, “एकात एक मिळवून बघितलं. उत्तर येईना.” एवढ्यावर विषय संपायचा. गणितात तिने चांगली पदवी घेतली होती. सासरहून परत आली ती दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे आणि एकीत पुस्तकं. पुस्तकांची जड होती. आईने मागची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीत जुनं जेवणाचं टेबल होतं, त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली आत्याने रसायनशास्त्राचं एक पुस्तक सरकवलं होतं. “याचा एवढाच उपयोग आहे,” म्हणायची, “लिहिणाऱ्याला स्वतःलाच कळलेलं नाही.”

सकाळी ती लिहायची आणि संध्याकाळी त्याच खोलीत मुलांना शिकवायची. मुलं जमिनीवर बसायची, ती टेबलाच्या कडेला टेकून उभी. तिची पद्धत जगावेगळी होती. दुसऱ्या शिक्षकांकडे मुलं बरोबर उत्तर घेऊन जातात; आत्या म्हणायची, “चूक आण.” दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतः केलेली एक तरी खरीखुरी चूक आणायची. नवीन चूक असली की ती खूश व्हायची, त्या मुलाला पुढे बसवून घ्यायची आणि “हे तुला का वाटलं ते सांग,” म्हणून त्याच्या डोक्यात शिरायची. चुकलेल्याला ती कधी रागावली नाही. चुकलेल्याला हसणाऱ्याच्या पाठीत मात्र फूटपट्टी बसायची.

तिच्या मते चूक मूर्खपणातून होत नसते. चुकीलाही काहीतरी कारण असतं, बहुतेक वेळा चांगलं कारण असतं, फक्त ते भलत्या जागी वापरलेलं असतं. मला हे पहिल्यांदा न्हाणीघरात कळलं. आंघोळीच्या कढत पाण्यात मी विसण घालत होते, म्हणजे गार पाणी मिसळत होते, आणि चटका बसला म्हणून किंचाळले. आत्या बाहेरून म्हणाली, “गरम पाणी ऐंशी अंश आहे, गार वीस अंश. मिसळलं की किती?”

“पन्नास,” मी म्हणाले. ऐंशी आणि वीस शंभर, त्याचे अर्धे पन्नास.

“मग ओरडलीस का?”

आंघोळ झाल्यावर तिने मला ओल्या केसांनी टेबलाशी बसवलं आणि हा तक्ता आखून दिला. बादलीला लागून जाणारी उष्णता सोडून देऊ, म्हणाली, ती पुढच्या वर्षी.

| गार पाणी (२०°) | गरम पाणी (८०°) | बेरीज | भागिले तांबे | मिसळल्यावर |
|---|---|---|---|---|
| १ तांब्या | १ तांब्या | २० + ८० = १०० | २ | ५०° |
| २ तांबे | १ तांब्या | २० + २० + ८० = १२० | ३ | ४०° |
| ३ तांबे | १ तांब्या | २० + २० + २० + ८० = १४० | ४ | ३५° |
| १ तांब्या | २ तांबे | २० + ८० + ८० = १८० | ३ | ६०° |

“तुझं पन्नास चुकलेलं नाही,” आत्या म्हणाली. “पहिल्या ओळीत बघ, आहे की नाही? पण तू किती तांबे घातलेस ते विचारलंच नाहीस. तू दोन आकड्यांची सरासरी काढलीस, पाण्याची नाही. इथे प्रत्येक तांब्याला एक मत आहे. ज्या बाजूचे तांबे जास्त, उत्तर त्या बाजूला सरकणार.”

तेव्हापासून मी सरासरीत कधी चुकले नाही. मला गणित फारसं आवडतही नाही, तरी नाही.

हीच रीत तिने पुस्तकांत आणली. प्रत्येक प्रकरणाचं पहिलं उदाहरण ती दोन रकान्यांत सोडवायची. डावीकडे चुकीचं, उजवीकडे बरोबर. डावा रकाना कसाबसा लिहिलेला नसायचा. मुलं जशी हमखास चुकतात तशीच ती चुकायची, पायरी पायरीने, अगदी पटेल अशी. माझ्या आवडीचं होतं ते सायकलचं.

‘एक माणूस १२ किलोमीटर दूरच्या गावी सायकलने ताशी १२ किमी वेगाने जातो. येताना सायकल पंक्चर होते, म्हणून ती ढकलत तो ताशी ४ किमी वेगाने परत येतो. सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती?’

| अशी चूक होते | असं सोडवायचं |
|---|---|
| जातानाचा वेग १२, येतानाचा ४ | जायला १२ ÷ १२ = १ तास; यायला १२ ÷ ४ = ३ तास |
| १२ + ४ = १६ | एकूण अंतर २४ किमी, एकूण वेळ ४ तास |
| १६ ÷ २ = ८ | २४ ÷ ४ = ६ |
| उत्तर : ताशी ८ किमी | उत्तर : ताशी ६ किमी |

खाली बारीक अक्षरात तिची टीप असायची : ‘बिचारा एक तास मजेत गेला आणि तीन तास ढकलत आला. ज्या वेगाने जास्त वेळ काढला, त्याचं वजन जास्त.’

वडिलांनी एकदा विचारलं होतं, “ताई, बरोबर उत्तर आधी का देत नाहीस? चुकीचं कशाला शिकवायचं पोरांना?”

“मी कशाला शिकवू? ते त्यांना येतंच,” आत्या म्हणाली. “डावा रकाना त्यांच्या डोक्यात आधीच छापलेला असतो. खोडायचा तर आधी दिसायला नको?”

मुलांना ही पुस्तकं आवडायची. बाजारात दुसरी होती, पण दुकानदार सांगायचे की मुलं ‘मंडळाचं द्या’ म्हणून मागतात. आत्याला याचा आनंद व्हायचा, आणि त्या आनंदातच एक काटा होता. तो कधी रुतला तेही मला माहीत आहे. एका मोठ्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. आत्या मुलाखतीला गेली, इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत स्वतःची सगळी पुस्तकं भरून. समितीने शिकवण्याचा अनुभव विचारला, तर तिने पुस्तकं टेबलावर मांडली. एका गृहस्थांनी एक उचललं, पुढून बघितलं, मागून बघितलं.

“यावर आपलं नाव कुठे आहे?”

“मंडळ म्हणजे मीच,” आत्या म्हणाली.

“अस्सं! मग सरकार म्हणजे मीच,” ते गृहस्थ म्हणाले आणि सगळी समिती हसली.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आत्या घरी आली ती पिशवी पलंगावर आदळून रडायलाच लागली, मोठ्याने, दार न लावता. “मला खोटारडी ठरवलं,” ती म्हणत होती. “माझीच पुस्तकं पुढ्यात ठेवून मला खोटारडी ठरवलं.” आई पाणी घेऊन गेली. वडिलांना कुणाचं रडणं बघवत नाही, म्हणून अशा वेळी ते हटकून काहीतरी वेडंवाकडं बोलतात.

“समजा, त्यावर नाव असतं...” आत्या म्हणत होती.

“अगं, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” वडील म्हणाले.

आत्या रडायची थांबली. “गणित ‘समजा’वरच चालतं,” ती म्हणाली. “आणि तुझ्या तोंडाला कुलूप असतं तर या घरात शांतता असती.”

त्या दिवसापासून तिला नाव हवं होतं. पैसा, मान, फोटो यांतलं काही नको होतं. फक्त पुस्तकावर नाव, म्हणजे पुन्हा कुणी पुस्तक उलटंपालटं करून ‘कुठे आहे’ म्हणणार नाही.

प्रकाशनाचे मालक तसे गोड माणूस. आत्याला ते ‘बाई’ म्हणायचे, स्वतः उठून खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. नावाचं काढलं की चष्मा पुसायला घ्यायचे. “बाई, मंडळ म्हटलं की वजन येतं हो. एकट्या बाईचं नाव बघितलं की पालक पुस्तक खाली ठेवतात. पुढच्या आवृत्तीला बघू.” प्रत्येक आवृत्तीला पुढची आवृत्ती असतेच. तोंडाला पानं पुसायची कला त्यांना अवगत होती, आणि चहाही चांगला असायचा.

मग अभ्यासक्रम बदलला. जुनी पुस्तकं रद्दीच्या भावाची झाली आणि मालकांना नवीन पुस्तक घाईने हवं झालं. आत्याने हात बांधून घेतले. “नाव नाही तर पुस्तक नाही,” ती म्हणाली. मालकांनी चष्मा पुसला, परत पुसला आणि कबूल केलं.

घरी त्या संध्याकाळी मोठा वाद झाला तो मधल्या नावाचा. वडिलांचं म्हणणं, माहेरचं लाव, आपल्या वडिलांचं. आईचं म्हणणं, कागदोपत्री अजून नवऱ्याचं आहे, उगाच भानगड कशाला. आत्या दोघांचं ऐकून घेत भाजी निवडत होती.

“मधे कुणाचंच नको,” ती म्हणाली. “उदाहरणं मी सोडवली आहेत. बाबांना काय आणि नवऱ्याला काय, साधा त्रैराशिकाचा हिशेब येत नव्हता.”

तिने ते पुस्तक जीव ओतून लिहिलं. जुन्या मुलांकडून जमवलेल्या सगळ्या चुका तिने त्यात वापरल्या. एका प्रकरणात डावा रकाना मनासारखा चुकेना, म्हणून ती चिडचिडत होती. “ही चूक खोटी वाटते,” म्हणायची. “असं कुणी चुकणार नाही.” शेवटी संध्याकाळच्या वर्गात एका चष्मेवाल्या मुलीने हवी तशी चूक केली आणि आत्याने सगळ्यांदेखत तिचा गालगुच्चा घेतला.

याच सुमारास मालकांचा पुतण्या कामात आला. बाहेरून काहीतरी व्यवस्थापन शिकून आला होता. आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबा निदान गप्प पडून राहतो. याने आल्या आल्या सगळं बदलायला घेतलं. पुस्तकं आता खिशात मावतील अशी अरुंद करायची, असा त्याचा बेत. आत्याला हे कळलं तशी ती मला बरोबर घेऊन छापखान्यात गेली.

खाली छपाईचं यंत्र धडधडत होतं. बांधणीच्या बायका जमिनीवर घडी घातलेल्या छापील फर्म्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून पानं जुळवत होत्या आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास होता. वर पुतण्याची केबिन काचेची, नवी. त्याने आम्हाला बाहेरच्या बाकावर बरंच ताटकळत ठेवलं आणि मग आत बोलावलं.

“पान अरुंद झालं तर माझे रकाने कसे बसतील?” आत्याने विचारलं.

“बसवू की मॅडम.”

“मला प्रूफं बघायची आहेत.”

“प्रूफं? आता तसं काही राहिलं नाही. तुमचं मॅटर जसंच्या तसं जातं.” मग त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. “हे बघा तुमचं कव्हर.”

पडद्यावर पुस्तकाचं नाव होतं आणि त्याच्या खाली, स्वतंत्र ओळीत, आत्याचं नाव. मधे काही नाही. आत्या पुढे झुकून बघत राहिली. रंग जरा भडक आहे, एवढंच काहीतरी पुटपुटली. प्रूफांचं तिने परत काढलं नाही. मी तिला दोष देत नाही. इतकी वर्षं उपाशी असलेल्या माणसापुढे ताट आलं की तो स्वयंपाकघर तपासायला जात नाही.

पुस्तक आलं. वडिलांनी ते हातात घेऊन आत्याचं नाव मोठ्याने वाचलं, मग आईने वाचलं, मग शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतलं. वडिलांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं. आत्याने ते आरशापाशी उभं करून ठेवलं. वेणी घालताना नजर जाईल असं. उघडून मात्र बघितलं नाही. “माझंच मी काय वाचू?” म्हणायची.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळच्या वर्गात आत्याने सायकलचं उदाहरण फळ्यावर घातलं. ती चष्मेवाली मुलगी उठली आणि न अडखळता सोडवून मोकळी झाली. बारा अधिक चार सोळा, भागिले दोन, उत्तर ताशी आठ.

“अरे वा, छान चूक आहे,” आत्या म्हणाली. “आता सांग, कुठे चुकलं?”

“चुकलं नाही, बाई.”

“कसं नाही? परत बघ.”

“पुस्तकात असंच आहे,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “तुमच्या पुस्तकात.”

तिने पिशवीतून नवीन पुस्तक काढून दिलं. मी दारात उभी होते. आत्याने पान उघडलं. सायकलचं उदाहरण होतं, त्याखाली ‘उकल’ असा ठसठशीत मथळा आणि खाली डावा रकाना. फक्त डावा. ‘अशी चूक होते’ ही ओळ गेली होती. उजवा रकाना गेला होता. टीपही गेली होती. तिने पुढचं प्रकरण उघडलं, त्याच्या पुढचं उघडलं. टक्केवारी, घनता, उष्णता, अपूर्णांक, प्रत्येकाचं पहिलं उदाहरण पायरी पायरीने, अगदी पटेल असं चुकवलेलं होतं. आणि वर मुखपृष्ठावर तिचं नाव होतं. तिने मुलांना घरी पाठवलं आणि पायात चपला सरकवल्या.

छापखान्यात पुतण्या भेटला. त्याने सगळं सरळ सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

“मॅडम, दोन रकाने अरुंद पानात बसेनात. बघितलं तर दोन्हीकडे उदाहरण एकच. एकच उदाहरण दोनदा कशाला छापायचं? म्हणून पहिला ठेवला. एकच रकाना उरला तर वरचे मथळे कशाला, म्हणून सगळीकडे ‘उकल’ टाकलं.”

“दोन्हीकडची उत्तरं वेगळी आहेत, ते बघितलं नाही?”

“उत्तरं कशाला बघू? ते तुमचं काम.”

आत्याने हात पदरात गुंडाळून घेतले. तेवढ्यात मालक आले, त्यांनी पुतण्याला बाहेर पाठवलं आणि स्वतः खुर्ची ओढून तिला बसवलं.

“चूक आमची आहे, बाई,” ते म्हणाले. “शंभर टक्के आमची. शाळांमधून तक्रारी यायला लागल्या आहेत. तुम्ही शुद्धिपत्र लिहून द्या, आम्ही प्रत्येक प्रतीत चिकटवू.”

तिने लिहून दिलं. सगळे उजवे रकाने पुन्हा, नव्याने, अरुंद पानात बसतील असे. आईने म्हटलं, कशाला मरतेस त्यांच्यासाठी. तर म्हणाली, त्यांच्यासाठी कोण करतंय, पोरं परीक्षेत आठ लिहून येतील. मालकांनी माणूस पाठवून कागद नेले.

शुद्धिपत्र छापून आलं ते वडील दुकानातून घेऊन आले. आत्याचे तक्ते सगळे होते, एकही आकडा चुकला नव्हता. फक्त त्यांच्या वर चौकट टाकून चार ओळी होत्या. ‘या पुस्तकातील उदाहरणांत लेखिकेकडून गंभीर चुका झाल्या आहेत. प्रकाशन संस्थेचा त्यात कोणताही दोष नाही. झाल्या प्रकाराबद्दल लेखिका दिलगीर आहेत.’ आणि खाली ठळक अक्षरात आत्याचं नाव, पूर्ण. मधलंसुद्धा. जुन्या कागदांवरून कुणीतरी शोधून काढून तिच्या नवऱ्याचं नाव मधे बसवलं होतं.

या वेळी वडीलही बरोबर गेले. मालकांनी चहा मागवला. वडिलांनी कप सरकवून दिला.

“तुम्हीच म्हणालात ना, चूक आमची?” आत्याने विचारलं.

“आजही म्हणतो,” मालक म्हणाले. “तुमच्यापुढे म्हणतो. पण छापायचं तर कुणाचं तरी नाव छापायला लागतं, बाई. मंडळाच्या नावावर आमची सगळी पुस्तकं चालतात. ते खराब झालं तर दुकान बंद. माणसाचं नाव काय, चार दिवसांत विसरतात लोक. तुम्हीच नाव मागितलंत म्हणून...” एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले. “नाहीतर एवढं सोपं झालं नसतं.”

परतीच्या वाटेवर वडील तावातावाने बोलत होते. दावा लावू, मूळ लिखाण दाखवू, सोडायचं नाही. “चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की यांनी!”

“मी कसली संन्याशीण,” आत्या म्हणाली. “मला नाव हवं होतं.”

“ताई, लिखाण आहे आपल्याकडे. कुणालाही दाखवता येईल.”

“कुणाला? त्यांनी त्यांचं म्हणणं प्रत्येक पुस्तकात चिकटवलंय. मी माझं कशात चिकटवू?”

वडिलांनी नंतर खरंच एका वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, दहा वर्षं तरी जातील. आत्या म्हणाली, दहा वर्षांत अभ्यासक्रम दोनदा बदलतो.

पुढची आवृत्ती रुंद पानाची निघाली. दोन्ही रकाने होते, सायकल होती, टीप होती. लेखक, तज्ज्ञ अध्यापक मंडळ. झपाट्याने खपली, असं ऐकलं. आत्याने ती हातात घेतली नाही आणि पुन्हा कुणासाठी एक ओळ लिहिली नाही. मालकांनी दोनदा माणूस पाठवला, तेव्हा तिने खिडकीतूनच त्याला असं काही ऐकवलं की तो तिसऱ्यांदा आला नाही. घरात तिला मंडळ म्हणणं वडिलांनी आपणहून सोडलं. जेवायला बोलावताना ते आता नुसतं “ताई” म्हणायचे, आणि ती लगेच यायची, ते मला फार लागायचं.

संध्याकाळचा वर्गही गळायला लागला. आधी दोघं भावंडं यायची थांबली, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची मुलगी, मग बाकीची. कुणी म्हणे पाहुणे आहेत, कुणी म्हणे तब्येत बरी नाही. शेवटी ती चष्मेवाली तेवढी राहिली. आत्या त्या एकटीसाठी टेबलाला टेकून उभी राहायची आणि भरल्या वर्गापुढे बोलावं तशा आवाजात शिकवायची.

एका संध्याकाळी मुलीऐवजी तिची आई आली. दारातच उभी राहिली. मी तिला आत या म्हटलं, ती नको म्हणाली. आत्या पदर खांद्यावर घेत, बोटांचा खडू झटकत बाहेर आली.

“उद्यापासून ती नाही येणार,” बाई म्हणाली.

“का? तिला तर आता चांगलं यायला लागलंय.”

“नाही, म्हणजे... तुमच्याबद्दल काही नाही. तिचा हट्ट होता तुमच्याकडेच यायचा. पण तिचे बाबा म्हणतात...” बाई चांगली होती. वाईट बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिला नीट जमत नव्हतं. तिने पर्समधून पुस्तक काढलं, शुद्धिपत्र चिकटवलेलं पान उघडलं आणि आत्यापुढे धरलं. “आम्ही तुमचं नाव वाचलं हो.”

मला वाटलं, आत्या आता सगळं सांगेल. पुतण्या, अरुंद पान, दोन रकाने, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आत्याने पुस्तक हातात घेतलं, उजेडाकडे केलं आणि ती ठळक ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

“हो,” ती म्हणाली. “माझंच आहे.”